राईतली वेणी

पानशेत फुटलं त्याच्या आदल्या सालची गोष्ट. वैशाख सरत आला होता, हिरीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि म्हातारपणाला टेकलेला नवसू राईतली झाडं चढत होता.

हिरी त्याच्या मेलेल्या बहिणीची, बायाची लेक. वाडीची रीत अशी, की नवरीच्या केसांत सीतेची वेणी हवी. हे फूल झाडाच्या खोडावर येतं. हातभर लोंबतं, पांढऱ्यावर जांभळे ठिपके. ते देवाच्या राईतूनच आणायचं, मामानंच आणायचं, आणि हातानं तोडायचं. लोखंड लागलेली वेणी नवरीला चालत नाही. हिरीला मामा एकच होता.

तीन दिवस नवसूनं हिरडे पाहिले, जांभळी पाहिल्या, आंब्यावर चढताना गुडघे सोलून घेतले. खोडांवर जुन्या मुळ्यांचे पांढुरके वण तेवढे उरले होते. ते वण कुणाच्या हातचे, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

बारा वर्षं तो लोणावळ्याला माधवरावांच्या बंगल्यावर कामाला होता. माधवराव रेल्वेतून निवृत्त झालेले. परसात त्यांनी काचघर बांधलं होतं आणि आत लाकडी खोक्यांत कोळसा, विटांचे तुकडे घालून ऑर्किड टांगली होती. दर पावसाळ्यात नवसू राईतून सीतेच्या वेण्या मुळांसकट पाटी भरून न्यायचा. पहिल्या वर्षी त्यानं प्रत्येक झाडावर एकेक मागं ठेवली. पण एकेक रोप हातात घेताना माधवरावांचा चेहरा उजळायचा. पाहुण्यांना म्हणायचे, "हा आमचा नवसू. याच्यासारखा हात कुणाला नाही." मग मागं ठेवायचं नवसू विसरत गेला.

काचघरात पाणी मारताना माधवराव गोष्टी सांगायचे. "विलायतेत या फुलांपायी श्रीमंत लोक वेडे झाले होते रे. दूरदूरच्या जंगलांत माणसं पाठवायचे. एका रोपासाठी आख्खं झाड आडवं करायची ती माणसं. उरलेली रोपं दुसऱ्याला मिळू नयेत म्हणून चुरडायची."

"येडीच म्हनायची," असं म्हणून नवसू तेव्हा हसला होता.

लग्नाच्या दिवशी सकाळीच तो काचघरात गेला. चाळीस वेण्या लोंबत होत्या.

"सायेब, एक वेनी पायजे. भाचीचं लगीन हाय."

"एकच ना? घे की. त्या कोपऱ्यातल्या तीन सोड, त्या पुण्याच्या प्रदर्शनाला जायच्यात." माधवरावांनी चष्मा पुसला. "पण तुझ्या राईत असतील की ढीगभर. इथं कशाला आलास?"

नवसू टांगलेल्या खोक्यांखालून फिरला. त्यानं सगळ्यांत लांब वेणी निवडली, देठ धरला, कापला, रोपाच्या जखमेवर कोळशाची पूड लावली. वेणी ओल्या शेवाळात आणि वर कुड्याच्या पानांत गुंडाळली. वाडीच्या नेहमीच्या वाटेनं न जाता तो राईला वळसा घालून, वरच्या अंगानं उतरला.

मांडवातल्या बायांनी त्याला राईकडून येताना पाहिलं. "आला बाई मामा. आमाला वाटलं, झाडावरच ऱ्हायला," एकजण म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

वाडीतली सगळ्यांत थोर बाई सरुबाई. नवरीची वेणी तिनंच बांधायची. तिनं पानं सोडली, वेणी डोळ्यांजवळ धरली आणि देठावरून अंगठा फिरवला. मग नवसूला घराच्या मागं नेलं.

"ही तोडल्याली न्हाई नवसू. ही कापल्याली हाय."

नवसूनं देठ पाहिला. सुरीनं काकडी चिरावी तसा सपाट. त्याचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. काचघरातली कात्री तिथंच होती. ती कधी काढली, कधी चालवली, त्याला आठवेना. बारा वर्षांत हाताला दुसरं काही येईनासं झालं होतं.

"आज्जे, काचघरातली हाय. राईत न्हाई उरली."

"किती उरल्यात?"

"येक बी न्हाई."

सरुबाईनं देठावर पुन्हा अंगठा फिरवला. "मूळची राईतलीच व्हती म्हनून एकवार डोळं झाकलं असतं. पन लोखंड लागल्याली मी पोरीच्या डोईला कशी बांधू?"

तिनं वेणी पुन्हा पानांत गुंडाळून वळचणीला खोचली आणि मांडवात गेली. "औंदा राईत फुललीच न्हाई," तिनं बायांना सांगितलं. आतून बाजारातली कागदाची वेणी आणली आणि हिरीला बांधली.

आंबीकडचं वऱ्हाड आलं, अक्षता पडल्या. जेवणं झाली. नवसूच्या पत्रावळीवरचा भात तसाच राहिला. निघताना हिरी त्याच्या पाया पडली.

"मामा, तीन दिस राईत हिंडलास म्हनं. गुडघं फोडून घेतलंस. न्हाई घावली तर न्हाई घावली. मनाला लावून घिऊ नगंस."

नवसूनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताखाली कागद चुरचुरला. त्यानं हात काढला नाही. शेवटी नवऱ्याकडची एक बाई म्हणाली, "सोडा आता मामा, वाट लांबची हाय."