कांद्याला गोड वास सुटला की

तापातून उठून महिना झाला, तरी ताईच्या नाकाला कशाचाच वास येत नव्हता. शिवणकाम त्यावाचून अडलं नव्हतं. पण आज आईचं कांद्याचं सूप करायला नाकच हवं होतं. आईने ते कधी लिहून ठेवलं नाही. "कांद्याचा तिखट वास जाऊन गोड सुटला, की लगेच पाणी घाल," एवढंच सांगून ती गेली. जरा उशीर झाला की सगळं कडू. आणि हे सूप आता ताईखेरीज कुणालाच येत नव्हतं.

"रंग बघ की," टेबलाशी बसलेला धाकटा भाऊ म्हणाला. बस चालवायची पाळी संपवून तो थेट जेवायलाच आला होता.

"रंगाने फसतं रे. काल दोनदा करपवलं. तूच सांग ना कधी ते."

"मी? मला फक्त खाता येतं, बाई!"

ताईने कांदा पुन्हा हलवला. देवा, आई तर गेलीच, आता तिची चवही माझ्याच हातून जाणार का? आत्ता घालू, की अजून थोडं थांबू? तिने पाण्याचं भांडं उचलून धरलं.

एवढ्यात भाऊ सवयीने उठला आणि हात धुवायला लागला. लहानपणीही कांद्याला तो गोड वास सुटला, की आईने हाक मारायच्या आत तो असाच उठायचा.

ताईने घाईघाईने पाणी ओतलं.

पहिल्याच घोटाला भावाने मान खाली घातली. "आईचंच आहे गं," तो कसाबसा म्हणाला.

ताईला चव कळलीच नाही.

"पुढच्या रविवारी कांदा परतायच्या आधीच येशील ना रे?" तिने विचारलं. "नक्की येशील ना?"