गलबताचा चौकोन

बारावा चौकोन मिळाला तर हबीबाचा फायदा तिहेरी होता. लेकीची, रमशाची, गोधडी पुरी होणार होती. व्याह्यांकडच्या बायकांना नाव ठेवायला जागा उरणार नव्हती. आणि हे सगळं धाकट्या जावेपुढे, सबीहापुढे, तोंड न उघडता साधणार होतं. तिसरा फायदा पहिल्या दोन्हींपेक्षा मोठा होता, पण हे हबीबा स्वतःशीही कबूल करत नसे.

या घरात लग्नाच्या मुलीला नमुन्यांची गोधडी देतात. बारा चौकोन, प्रत्येकाची नक्षी निराळी: चटई, भिंगरी, विड्याचं पान, विहिरीच्या पायऱ्या, असे. सामान मांडतात त्या दिवशी नवऱ्याकडच्या बायका दागिन्यांकडे बघायच्या आधी चौकोन मोजतात. शेवटचं असतं गलबत. खाडीतून माल ने-आण करण्याच्या दिवसांची तेवढीच खूण भिवंडीतल्या या घरात राहिली होती. बाकी दारात आता यंत्रमाग खडखडत होते.

गलबताचे तुकडे कसे कापायचे हे सासूने सबीहाला शिकवलं होतं. हबीबा त्या वर्षी बाळंतपणाला माहेरी होती, आणि परत आल्यावर विचारायचं तिला सुचलं नाही. पुढे सासू गेली, लूम वाटले गेले, अंगणात भिंत आली आणि सासूची गलबत असलेली जुनी गोधडी सबीहाच्या वाट्याला गेली. त्याला चार वर्षं झाली. हबीबाचा नवरा मोहिउद्दीन आणि त्याचा भाऊ, सबीहाचा नवरा, रोज टपरीवर एकत्र चहा प्यायचे. भांडण त्यांनी बायकांवर सोपवलं होतं आणि बायका ते नीट सांभाळत होत्या.

दोन्ही घरांत येणं-जाणं होतं ते गोधड्या शिवणाऱ्या एकट्या तानीचं. ती पडघ्यापलीकडच्या पाड्यावरची. गोधडीवर तिचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा पडायचा, आणि शंभर टाके मोजले तरी एक लहान-मोठा सापडायचा नाही. हबीबाने तिला जवळ बसवून चहा दिला, त्यात बुडवायला बटर दिला, आणि मग सबीहाकडची गोधडी डोळ्यांत भरून आणायला सांगितलं. विचारायचं नाही, फक्त बघायचं.

तानी चहा संपवून म्हणाली, "बघते. पन तिनं इचारलं तं खोटं बोलनार न्हाय."

पाचव्या दिवशी तानी आली ती अख्खा चौकोन घेऊनच. वर्तमानपत्रात गुंडाळलेला. तपकिरी बूड, पांढरं शीड, खाली निळ्या पट्टीच्या तीन लाटा. हबीबा बघतच राहिली. न मागता मिळालं होतं; पण न मागता दिलेलं घेतलं की माणूस मिंधा होतो, हेही तिला कळत होतं. त्यात सोबत सबीहाचा निरोप होता: हा चौकोन धुतलेला आहे, बाकीचं कापडही धुऊन घ्या आणि मगच जोडा.

तो निरोपच महागात पडला. हबीबाने गोधडीसाठी आपल्याच लूमवरचं कापड काढलं होतं. कोरं, कांजीचं, हातात घेतलं की कागदासारखं वाजणारं. लूमवाल्याच्या घरात कोऱ्या कापडाचा मान मोठा. धुतलेलं कापड म्हणजे कोणीतरी वापरलेलं. ते रोजच्या अंथरुणाला चालतं, नवरीच्या सामानात नाही.

"मला कापड शिकवते?" हबीबा म्हणाली. "तिच्या वाट्याला सहा लूम आले. आमच्याकडे आठ आहेत."

"आटंल," एवढंच तानी म्हणाली. लूम किती, याने कापडाला काय फरक पडतो, हे तिने विचारलं नाही. बोटाला चामड्याचा तुकडा बांधला आणि बसली. आत जुन्या सुती साड्या, वर-खाली कोरं कापड. कांजीतून सुई जाताना करकरायची. अडीच आठवडे ती चौकोनाच्या कडेकडेने आत आत टाके घालत गेली, आणि हबीबा समोर भाजी निवडत, तिच्या हातात लक्ष ठेवून, आपण गोधडी शिवतोय अशा चेहऱ्याने बसायची.

गोधडी झाली. पण आखणीच्या निळ्या रेघा दिसत होत्या, कांजीचा वास होता आणि एका कोपऱ्यात लूमच्या तेलाचा डाग होता. सामान मांडायला चार दिवस उरले होते. हबीबाने गोधडी धुऊन गच्चीवर टाकली.

संध्याकाळी काढायला गेली तर अकरा चौकोन आकसून बसले होते आणि बारावा, ज्याने आधीच पाणी पाहिलं होतं, तो होता तेवढाच. त्याला बिचाऱ्याला मावायला जागा नव्हती म्हणून तो मधूनच वर फुगला होता. शिडात वारा भरावा तसा. कोणी चिडवायला म्हणून केलं असतं तरी इतकं हुबेहूब जमलं नसतं.

हबीबा बराच वेळ त्यावर तळहात दाबत राहिली. एकीकडे दाबलं की दुसरीकडे उचलायचं. मग तिने गोधडीची घडी घातली, डोक्यावर ओढणी घेतली आणि भिंतीला वळसा घालून गेली. चाळीस पावलं होती.

सबीहाने दार उघडलं, घडीकडे बघितलं.

"धुतलं नव्हतं ना, भाभी?"

"नाही."

"का?"

"तू सांगितलंस म्हणून."

सबीहा आधी ओठ दाबून उभी राहिली, मग दाराच्या चौकटीला धरून हसायला लागली. हबीबाला हसायचं नव्हतं. पण चार वर्षं न बोललेल्या बाईपुढे फुगलेलं गलबत घेऊन उभं राहिल्यावर दुसरं करण्यासारखं फारसं उरत नाही.

"मुलीचं काम आहे," हबीबा म्हणाली. "बघ काहीतरी. माझ्याच्याने होत नाही."

सबीहाने तानीला बोलावून घेतलं आणि कात्री घेऊन आली. उपाय एकच होता: गलबत उसवायचं, चारी बाजूंनी बोटभर कापायचं आणि पुन्हा बसवायचं. म्हणजे खालच्या लाटा जाणार. सासूने सगळ्यात आधी शिकवलेल्या त्या लाटा सबीहाने स्वतःच्या हाताने कापल्या. एकदाच थांबली, चष्मा पुसला, पुढे कापल्या.

हबीबाने उसवलेला चौकोन उलटा केला आणि तिचा हात अडला. गलबताचे तुकडे जोडलेल्या शिवणीमागे तांदळाच्या दाण्याएवढे टाके होते, एकसारखे.

"हा तुझा हात नाही," ती म्हणाली.

"मला आता सुईचं भोक दिसतं कुठे? मी सांगत गेले, हिने शिवलं. चार दुपारी बसली."

दोघींनी तानीकडे पाहिलं. तानी उजेडाकडे सुई धरून दोरा ओवत होती. तिने वर पाहिलं नाही.

सामान मांडलं त्या दिवशी नवऱ्याकडच्या बायकांनी चौकोन मोजले. बारा भरले. गलबत लाटांशिवाय, जमिनीवर ठेवल्यासारखं दिसत होतं, पण मोजणाऱ्यांना आकडा हवा होता. रमशाला गोधडी मिळाली. हबीबाने लेकीसाठी एक वाक्य खर्चलं, 'माझ्याच्याने होत नाही', जे चार वर्षं तिच्या घशात होतं. ते गेल्यावर तिला उलट बरं वाटलं, म्हणजे ते काही खर्चात धरता येणार नाही. सबीहाच्या तीन लाटा गेल्या, पण तिला बोलायला जाऊ परत मिळाली.

राहिली तानी. गलबत पुन्हा बसवायला दोन दिवस लागले. गोधडी झाल्यावर ती पूर्णा गावच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला परत जायला लागली होती आणि हे दोन दिवस तिथल्या ठेकेदाराने तिचे खाडे लावले. हबीबाने लूमवरचा रिवाज पाळला: डॅमेज मालाच्या दुरुस्तीला मजुरी नसते. डॅमेज कोणामुळे झालं, हे लूमवरही कोणी विचारत नाही. सबीहाला वाटलं हबीबाने पैसे दिले असतील. काम संपलं त्या दिवशी दोघी जावांनी तिला दोनदा चहा दिला, दोन्ही वेळा बटरसकट.