टोपीतली वाळ्याची चुंबळ

मित्रांनो, कागदोपत्री माझं नाव हेल्मेट, पण खाणीवरची माणसं मला नुसतं टोपी म्हणतात आणि मलाही तेच आवडतं. एके काळी मी हळदीसारखी पिवळीधमक होते. आता उन्हाने विटले आहे, अंगभर ओरखडे आहेत आणि माथ्यावर एक तडा गेला आहे. तुम्ही मला भंगारात पाहिलंत तर लाथेने बाजूला साराल. पण हा तडा कसा गेला ते सांगितल्याशिवाय मला भंगारात जायचं नाही.

माझा जन्म एका कारखान्यातला. तापलेला पातळ रस साच्यात ओतला आणि मी बाहेर आले. माझ्याबरोबर जन्मलेल्या काही बहिणींना वेगळं काढून त्यांच्यावर उंचावरून लोखंडी गोळा टाकून पाहिला. मी भेदरून बघत होते, पण त्या दिवशी मला माझं मर्म कळलं. लोकांना वाटतं, टोपीची सगळी ताकद तिच्या कडक पाठीत असते. तसं नाही. माझ्या पोटात पट्ट्यांचा एक पाळणा असतो, त्यात माणसाचं डोकं बसतं, आणि डोकं व पाठ यांच्यामध्ये दोन बोटं जागा रिकामी राहते. वरून दगड आला की पाठ दबते, पट्ट्या ताणल्या जातात आणि घाव त्या रिकाम्या जागेतच मरतो. ती जागा म्हणजे माझा जीव. इतकी साधी गोष्ट, पण ती माझ्या अंगावर कुठे लिहिलेली नव्हती.

डिचोलीकडच्या एका खाणीवर मी आले, तेव्हा बरीच वर्षं बंद असलेलं काम नुकतंच सुरू झालं होतं. मी जयरामच्या वाट्याला आले. जयराम मूळचा दोडामार्गाकडचा. हातात लाल-हिरवी बावटी घेऊन मागे येणाऱ्या डंपरांना वाट दाखवायची, हे त्याचं काम. डोंगर पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेला असतो, त्यातल्या एका पायरीखाली तो दिवसभर उभा असायचा. झाड नाही, झुडूप नाही. वरून सूर्य आणि खालून तापलेली लाल माती. मोठा कष्टाळू आणि अबोल माणूस. डंपरवाले त्याला चिडवायचे, 'जयरामदा, तोंडाकय लाल बावटो दाखयलो काय?' त्यावरही तो नुसता हसायचा.

खोटं कशाला बोलू? त्या एप्रिलमध्ये मी त्याला फार छळलं. माझी पाठ तापायची, आतली हवा कोंडायची आणि घामाच्या धारा त्याच्या डोळ्यांत उतरायच्या. पट्टीचा काच कपाळावर लाल वळासारखा उठायचा. घरी जाऊन तो डोकं धरून बसायचा. एकदा तर जेवण समोर असताना त्याला भडभडून ओकारी झाली.

घर म्हणजे कारापूरची भाड्याची एक खोली. तिथे त्याची बायको देवकी ब्लाऊज शिवून द्यायची. हाताला जितकी मऊ, जिभेला तितकीच तिखट. मला पाहिलं की तिच्या कपाळावर आठी चढायची.

"ही टोपी न्हय, चुलीवरची कढय आसा," ती म्हणाली. "ह्या कढयेत तुमचा डोक्या शिजतला एक दिवस."

"ती घातल्याशिवाय आत सोडूचे नाय," जयराम म्हणाला.

"मग घाला. पण माका तिचा काय ता करूक दिया."

आणि देवकीने मला हातात घेतलं. मित्रांनो, इतक्या मायेने मला कुणीच कधी हाताळलं नव्हतं. तिने मला साबणाने धुतलं, खिडकीत उताणं ठेवून वाळवलं. पांढऱ्या कापडाचा एक झगा शिवून माझ्या पाठीवर चढवला आणि मागे मानेवर पडेल अशी झालर सोडली. दुसऱ्या दिवशी माझी पाठ निम्मीसुद्धा तापली नाही. जयरामच्या मानेवरचं करपणं थांबलं. मी मनातल्या मनात तिला शाबासकी दिली. ती तिथेच थांबली असती, तर आज ही कहाणी मी हसत सांगितली असती.

पण कपाळावरचा वळ काही जाईना. देवकीने लहानपणापासून डोक्यावर ओझी वाहिली होती. पाण्याची घागर, लाकडाचा भारा, गवंड्याच्या हाताखाली चिऱ्याचा दगडसुद्धा. ओझं टोचू नये म्हणून डोक्यावर कापडाची वळी ठेवायची, तिला चुंबळ म्हणतात, ती तिच्या हाताला जन्माची ओळखीची. तिने विचार केला आणि तिच्या दृष्टीने तो अगदी बरोबर होता.

"डोक्यार ओझा घेवचा म्हटल्यार चुंबळ नको?" ती म्हणाली. "ह्या कारखान्यावाल्यांनी कधी डोक्यार घागर घेतलेली दिसत नाय."

माहेरच्या विहिरीकाठचा वाळा तिच्याकडे होता, पाण्याच्या माठात घालायला आणलेला. त्या सुगंधी मुळ्या तिने जुन्या सुती लुगड्याच्या घडीत भरल्या, वर बारीक टाके घातले आणि गोल, जाडजूड चुंबळ केली. मधलं भोक ठेवलं नाही. पाळण्यासकट ती माझ्यात बसेना, म्हणून तिने पाळण्याच्या चारही कड्या सोडवल्या आणि तो शिलाई मशीनच्या खणात टाकला. मग चुंबळ बाल्दीत भिजवली, पिळली आणि माझ्या पोटात ठासून बसवली.

मला ओरडायचं होतं. अगो बाई, ती जागा रिकामी राहू दे! पण टोपीला तोंड कुठे असतं?

जयरामने मला डोक्यावर ठेवलं आणि डोळे मिटले. कपाळावरून थंड पाण्याचा एक थेंब ओघळला. "स्वर्ग गो देवकी," तो म्हणाला. त्या अबोल माणसाच्या तोंडून असा शब्द आला, तेव्हा देवकी लाजून स्टोव्हकडे वळली. मलासुद्धा क्षणभर आनंद झाला, ते मी कबूल करते. मी पहिल्यांदाच कुणाला सुख दिलं होतं.

खाणीवर तर माझं कौतुकच झालं. सुपरवायझर परेश जवळून जाताना नाक वर करून म्हणाला, "अरे, आज हांगा देवळासारखो वास कसो येता?" मग मी हातोहात फिरले. जो तो आत हात घालून बघे आणि जयरामच्या नशिबाचा हेवा करी. गौरेश हा जयराम वाट दाखवायचा त्यांतल्याच एका डंपरावरचा ड्रायव्हर. तो त्याच संध्याकाळी कारापूरला हजर. "वयनी, माकाय एक करून दी गो!" आठवड्याभरात देवकीने आणखी अकरा चुंबळी केल्या. परेशनेही एक नेली. टोपी डोक्यावर आहे की नाही हे तो रोज बघायचा, पण आत काय आहे ते बघायचं त्याच्या डोक्यात आलं नाही. अकरा पाळणे अकरा घरांच्या कोपऱ्यांत जाऊन पडले. ज्याला म्हणून चुंबळ मिळाली, तो देवकीला दुवा देत होता, आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

मे महिन्यातली ती दुपार. वरच्या पायरीच्या कडेवरून एक दगड सुटला. फार मोठा नव्हता, दोन मुठींएवढा. पण खनिजाचा दगड आकाराला लहान नि वजनाला भारी. माझ्या माथ्यावर तो आदळला. मी दबले, पण आत घाव मरायला जागाच नव्हती. तो चुंबळीतून सरळ आरपार गेला. जयरामच्या हातातली बावटी आधी पडली, मग जयराम पडला. माझ्या बहिणींनी याहून जड गोळे झेलले होते. पाळणा असता तर जयराम दोन दिवस डोकं दुखतं म्हणाला असता, बस.

जयराम वाचला. दीड महिन्याने तो घरी आला, तेव्हा त्याचा उजवा हात लोंबत होता आणि एकेक शब्द तोंडातून ओढून काढावा लागत होता. लाल-हिरवी बावटी आता त्याच्या हातात कधीच येणार नव्हती.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरने माझ्यात डोकावून गौरेशला विचारलं होतं, टोपीत पट्ट्या नव्हत्या का? तेव्हा गौरेशच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जयरामच्या खाटेपाशीच हे बोलणं झालं, म्हणून जयरामलाही कळलं. परेशलाही कळलं. तो खाणीवर जाऊन एवढंच म्हणाला, "टोपयेत काय भरू नकात रे." का, ते सांगितलं नाही, आणि स्वतःच्या टोपीतलीही काढली नाही. वर उन्हाचा कहर, खाली साहेबाचं एक वाक्य. कोण ऐकतो? गौरेशने आपली चुंबळ गुपचूप काढून टाकली, पण बाकीच्यांपुढे त्याचं तोंड उघडेना. उघडलं असतं तर गोष्ट देवकीच्या कानावर गेली असती. नवरा असा अंथरुणावर, आणि वर हे कसं सांगायचं त्या बाईला? ज्यांना कळलं होतं ते सगळे तिच्यावर दया करत होते. त्या दयेचा मला आजही राग येतो, कारण खाली दहा डोकी तशीच उघडी होती.

आणि देवकी काय समजून बसली होती? गौरेश मला घेऊन घरी आला त्या दिवशी तिने माझ्यातली चुंबळ काढली. दगडाच्या जागी ती चपाती झाली होती. देवकी तिच्यावरून बोट फिरवत म्हणाली, "पातळ झाली गो माझी. जाड असती तर ह्यांका काय झाला नसता."

 ती दुसऱ्या दिवसापासून मशीनवर बसली. दुप्पट वाळा, चौपट कापड. गौरेश बघायला आला तेव्हा तिने अकरा नव्या चुंबळींची पिशवी त्याच्यापुढे ठेवली.

"जाड केलंय आता. हे न्हे आणि सगळ्यांका दी. ह्या खेपेक कोणाक काय होवचा नाय."

गौरेशने पिशवीला हात लावला नाही. तो जयरामकडे बघायला लागला आणि जयराम त्याच्याकडे.  मला वाटलं, आता हेसुद्धा गिळून टाकणार दोघं. गौरेश पिशवी नेऊन ओढ्यात टाकेल, देवकी पुन्हा नवीन करील, आणि वरून दुसरा दगड सुटेल.

पण जयराम उठला. भिंतीला धरत मशीनपाशी गेला, डाव्या हाताने खण ओढला, रिळं नि बटणं बाजूला सारून पाळणा बाहेर काढला. मला मांडीत घेऊन तो एकेक कडी बसवू लागला. एका हाताने ते जमेना. देवकी मदतीला पुढे झाली, तर त्याने मान हलवली. चार कड्यांना किती वेळ लागला कोण जाणे. मग त्याने मला डोक्यावर चढवलं, देवकीचा हात धरला आणि तिची बोटं बाजूने माझ्यात सरकवली, त्या रिकाम्या जागेत.

"हय..." तो म्हणाला. "हय... रिकामा व्हया. दगड... हय थांबता."

देवकीची बोटं माझ्यात तशीच राहिली.  हुशार बाई ती, तिला दोनदा सांगावं लागत नसे.

"म्हणजे माझ्या चुंबळीन?" तिने विचारलं.

जयरामने नाही म्हटलं नाही. त्याला खोटं बोलता आलं असतं, एक 'नाय' तर म्हणायचं होतं. पण त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो शब्द शोधत होता. शेवटी तो म्हणाला, "थंड होती गो. बरा... वाटायचा माका."

त्यावर देवकी जी रडली, ते मी सांगणार नाही. टोपी असले तरी मला ते झेपणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला काखेत घेऊन ती खाणीच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिली. पाळी सुरू व्हायच्या आधी, जो तो आत शिरताना तिने त्याच्यापुढे हात पसरला आणि टोपी मागून घेतली. चुंबळ ओढून काढली आणि प्रत्येकाला तेच सांगितलं, मान खाली न घालता.

"माझ्या घोवाचा असा झाला ता दगडान न्हय, ह्या चुंबळीन झाला. ती मी केलंय. घराक जावन पट्टे बसवन येवा, तंवसर आत जावं नकात."

कुणी म्हणालं, वयनी, तुजो दोष नाय. ती म्हणाली, "दोष मागाहून बघूया. पट्टे खंय आसत ता सांगा." परेश आला, तेव्हा त्याच्याही टोपीतली तिने स्वतः उपसली. तो मोठा साहेब शाळेतल्या पोरासारखा खाली बघत उभा राहिला आणि मग त्यानेच पाळी थांबवली. दहा चुंबळी देवकीने ओटीत घेतल्या. वाळ्याचा वास तिच्या भोवती दरवळत होता आणि ती रस्त्याने एकटी चालत घरी आली.

आता ती टोप्यांना बाहेरून पांढरे झगे शिवते, मानेवर झालर लावते. खाणीवर दुपारी पाणी प्यायला नि डोकं उघडं करून वारा घ्यायला एक छपरी झाली आहे. ऊन आहे तसंच आहे, पण आत आता कुणी काही भरत नाही. मी मात्र कामाची उरले नाही. एकदा तडा गेलेली टोपी कुणाच्या डोक्यावर चढवायची नसते.

मित्रांनो, आमची काळजी घ्या, आम्हाला थंड ठेवा, पण आमच्या पोटातली ती दोन बोटं जागा आमच्यासाठी सोडा. एवढं सांगून मी थांबले असते. पण मला राहवत नाही म्हणून आणखी एक विनवणी. कुणाच्या मायेच्या हातून चूक झाली, तर दया म्हणून ती लपवू नका. तिला सांगा, आणि लवकर सांगा. देवकीला ते सांगायला गौरेश-परेशसारखी धडधाकट माणसं होती. शेवटी सांगितलं ते जयरामने, ज्याला धड बोलताही येत नव्हतं.