अण्णांची पाच बोटं

आमच्या ऑफिसात अजाइल नावाची कामाची नवी पद्धत आली तेव्हा आधी खुर्च्या गेल्या. रोज सकाळी उभ्याने मीटिंग. काल काय केलं, आज काय करणार, अडलंय कुठे, एवढंच सांगायचं. पहिली दोन सगळे घडाघडा सांगतात. तिसऱ्याचं उत्तर ठरलेलं: काही अडलं नाही. कारण समोर विश्वासराव अण्णा उभे असतात.

अण्णा आमचे वरिष्ठ, आमच्याच समाजातले, माझ्या बाबांना अरेतुरे करणारे. कधी ओरडत नाहीत, आणि तीच पंचाईत आहे. ओरडणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं. मी नीरजा, या टीमची स्क्रम मास्टर. म्हणजे मीटिंगा घ्यायच्या, सगळ्यांच्या वाटेतले धोंडे उचलायचे आणि स्वतःचं मत मात्र द्यायचं नाही.

मत देण्याची आमची पद्धत बोटांची. काम गिऱ्हाइकाकडे सोडण्याआधी मी एक-दोन-तीन म्हणते आणि सगळे एकदम हात वर करतात. पाच बोटं म्हणजे पक्की खात्री, मूठ म्हणजे मुळीच सोडू नका. एकदम अशासाठी, की कोणी कोणाचं बघून दाखवू नये. पण वडीलधाऱ्याआधी जिथे कोणी ताटाला हात लावत नाही, तिथे बोट कोण उचलणार? आधी अण्णांचा हात वर जातो, त्यांच्या मागोमाग बाकीच्यांचे, आणि सगळीकडे पाचच पाच.

बुधवारीही तेच झालं. काम होतं एका डायलिसिस सेंटरचं: कुठल्या पेशंटने कधी, कुठल्या मशीनवर यायचं हे ठरवणारं ॲप. शुक्रवारी सकाळी ते सुरू होणार होतं, आणि शुक्रवारच्या पहिल्या पाळीत माझ्या जमनाआत्याचं डायलिसिस होतं.

गुरुवारी दुपारी जेवून येताना दिव्यश्रीने मला जिन्यात गाठलं. ॲपचं अर्ध्याहून जास्त काम हिचंच.

"अक्का, नेट मध्येच गेलं आणि दोन नर्सनी एकदम नावं घातली, तर एकाच मशीनवर दोन पेशंट लागतात. दोघांनाही 'या' म्हणून मेसेज जातो."

"आणि आल्यावर?"

"एकाला परत पाठवावं लागेल."

"मग काल पाच बोटं कशाला नाचवलीस?"

"अण्णांनी दाखवली ना. माझं नाव घेऊ नका हं, अक्का."

माझं डोकं सणकलं. गेल्या वर्षी शहर बंद होतं, आत्याची एक पाळी चुकली, आणि तिला दम लागून आयसीयूत ठेवावं लागलं होतं. आणि इथे ही शिकलीसवरलेली मंडळी मूग गिळून बसलेली.

मी तशीच अण्णांच्या टेबलापाशी गेले. "अण्णा, उद्याचं थांबवू या. नेट गेलं की घोळ होतोय."

"कोण म्हणतं?"

"कोणी का म्हणेना," मी म्हटलं. दिव्यश्रीने नाव घेऊ नका म्हटलं होतं.

"नीरजा, काल टीमने पाच बोटं दाखवली. निर्णय टीमचा, हे तूच शिकवलंस ना? मग मी कसा मोडू?"

माझीच काठी माझ्या पाठीत. "मग परत मत घेते," मी म्हटलं.

"सरी," अण्णा कानडीत म्हणाले. "ठीक आहे, घे."

चौघांना उभं केलं: दिव्यश्री, विराट, उपेंद्र आणि अण्णा. पुन्हा अण्णांचा हात वर जाणार, पुन्हा पाच, आणि उद्या आत्या सेंटरच्या दारातून परत. मग जे सुचलं ते बोलून टाकलं.

"डोळे मिटा."

उपेंद्र हसला. "लपंडाव आहे का, अक्का?"

"मिटा म्हटलं ना. मी एकटीच बघणार. कोणाची किती, ते कोणाला सांगणार नाही."

अण्णांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. वाटलं, आता नाही म्हणतात. मग त्यांनीही डोळे मिटले.

एक, दोन, तीन. कोणी हलेना. अण्णांचा हात दिसत नव्हता, मग वर करायचं ते काय? मग दिव्यश्रीचं एक बोट आलं. विराटची दोन. हसणाऱ्या उपेंद्रचंही एकच. सगळ्यांच्या शेवटी अण्णांचा हात छातीपर्यंत आला. ती मूठ होती.

"किती?" अण्णांनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

"पाच कोणाचीच नाहीत. एक मूठ आहे."

"ती माझी," ते म्हणाले आणि डोळे उघडले. मूठ तशीच होती.

मला हायसं वाटायला हवं होतं, पण संतापच आला. "मग काल पाच का दाखवलीत, अण्णा?"

"या पोरांनी इतकं खपून केलेलं. मी मूठ दाखवली असती तर त्यांचा पाणउतारा झाला असता. वाटलं, यांना सगळ्यांना खात्री आहे, मीच म्हातारा उगाच भितोय."

दिव्यश्री खाली बघून म्हणाली, "आमची खात्री म्हणजे तुमचा हातच होता, अण्णा."

अण्णांनी सगळ्यांसमोर सेंटरच्या डॉक्टरांना फोन लावला, कोणाचंही नाव न घेता उद्याचं रद्द केलं. पलीकडून बराच वेळ बोलणी बसत होती. अण्णा 'हो, बरोबर आहे' एवढंच म्हणत होते. पेशंटच्या पाळ्या खडूने लिहायचा सेंटरचा जुना फळाच तूर्त चालवायचा ठरला. फोन ठेवून ते दिव्यश्रीकडे वळले. "आता सांग, अडलंय कुठे?" आणि ती पहिल्यांदाच सगळं सांगू लागली.

संध्याकाळी घरी जाताना एचएसआरच्या चौकात सिग्नलला ऑटो अडकली तेव्हा मी आत्याला फोन केला.

"उद्या तुमचं ते नवीन काहीतरी येणार होतं ना गं?"

"उद्या नाही, आत्या. फळ्यावरच चालेल."

"बरं. मग मी नेहमीच्याच वेळेला जाऊ? जागा असेल ना मला?"

"आहे, आत्या. तू जा," मी म्हटलं, आणि फोन ठेवून ऑटोतच रडले.