सरोवरापलीकडची घरघर

कबासिंगुझी आल्बर्ट सरोवराच्या धक्क्यावर पोहोचली, तेव्हा म्हातारा क्वेबिहा वायरलेसपाशी बसला होता आणि त्यातून नुसती घरघर येत होती.

"लाडनाव काय गं तुझं?" तिकडच्या रीतीप्रमाणे त्यानं आधी तेच विचारलं.

"अड्येरी."

"तर ऐक, अड्येरी. सोळा दिवस झाले. वादळ येतंय म्हणून मी घसा फोडून सांगतो, आणि होड्यांवर हीच घरघर ऐकू जाते. बायको म्हणते, तुमच्या बडबडीपेक्षा बरी."

ती हसली. सरकारी कचेरीनं तिला त्याचसाठी धाडलं होतं. तिनं पिशवीतून स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर काढला. हवेतल्या लहरी पडद्यावर रेघांनी दाखवणारं ते यंत्र अकरा वर्षं तिच्या हातात होतं. धक्क्याच्या वायरलेसच्या वाहिनीवर घरघरीचा एक जाड उंचवटा ठाण मांडून बसला होता. जवळचंच काही त्रास देतंय का, ते पाहायला तिनं मोबाइल चार्जिंगची टपरी बंद करायला लावली, व्हिडिओवाल्याचा जनरेटर बंद करवला. उंचवटा तसाच. मग अँटेना हातात धरून ती सावकाश फिरली. पश्चिमेकडे तोंड केलं की उंचवटा चढायचा. तिकडे पाणी होतं, आणि पाण्यापलीकडे काँगोचे डोंगर.

"पलीकडचा कुठलातरी मनोरा बिघडलाय, काका."

"मग कर की बंद."

"तो दुसरा देश आहे. मी अहवाल लिहीन, आमचे साहेब त्यांच्या साहेबांना पत्र लिहितील."

"आणि तोवर वारा थांबेल?"

दुपारी वारा उलटला. एकेक होडी परतली. क्वेबिहाचा पुतण्या इसिंगोमा आणि त्याचे दोन सोबती तेवढे राहिले. क्वेबिहा माइकमध्ये ओरडत होता, "दक्षिणेला वळ, पोरा! खाडीत शीर!"

पडद्यावर उंचवट्याच्या डोक्यावर एक बारीक रेघ उगवली, विझली, पुन्हा उगवली.

"हे काय?"

"होडीवरून कुणीतरी बोलतंय."

"काय बोलतंय?"

"ते यात कळत नाही, काका."

तिनं जवळची, नको त्या लहरी अडवणारी सगळी गाळणी लावून पाहिली. घरघर आणि आवाज एकाच वाहिनीवर, मनोरा आणि होडी एकाच दिशेला. एकाला वगळावं तर दुसराही जाई. रेघ आणखी चारदा उगवली. मग नुसता उंचवटा उरला. तरी क्वेबिहा बोलतच राहिला, आणि त्याला थांब म्हणायचं तिच्या जिवावर आलं.

सकाळी शेजारच्या गावच्या होडीला पिवळ्या प्लास्टिकच्या कॅनना धरून तरंगणारे ते दोघे सोबती सापडले. इसिंगोमा नव्हता.

"तो वायरलेसवर सारखा एकच विचारत होता," त्यातला एक म्हणाला. "काका, कुठल्या बाजूला वळू?"

क्वेबिहानं कबासिंगुझीकडे पाहिलं, आणि तिला नजर कुठं ठेवावी कळेना.

अहवाल तिनं त्याच दिवशी पाठवला. घरघर आणखी दहा आठवडे चालली, मग एका दुपारी आपोआप थांबली. का थांबली, ते कुणीच कळवलं नाही.