काळ्या कोटाने ऐकलेली साक्ष

मी एक काळा कोट बोलतोय. कोर्टाच्या आवारात असे शेकडो कोट फिरताना तुम्ही पाहिले असतील. मी त्यांच्यातलाच एक, पण माझ्या आत तीस वर्षं एकाच माणसाची छाती धडधडली. लोकांना त्या माणसाचा आवाज ऐकू यायचा, छाती फक्त मला.

माझा जन्म उदगीरच्या एका शिंप्याच्या मशीनवर झाला. माप होतं शांतलिंग बिरादार या नव्या वकिलाचं. त्याची आई दुकानात सोबत आली होती. "शिवणीत कापड जास्तीचं ठेवा. पुढं अंग भरंल," म्हणाली. अंग कधी भरलंच नाही. वकील मात्र परीक्षा देऊन न्यायाधीश झाला, आणि त्या दिवसापासून सगळे त्याला साहेब म्हणू लागले.

साहेब झाला आणि घरी येणारी माणसं कमी झाली. भाचीच्या लग्नाला जायचं नाही, मांडवात एखादा पक्षकार भेटेल. शेजारच्या बारशाला जायचं नाही, पेढ्यासोबत शब्द टाकला जाईल. तीन वर्षं झाली की बदली. नवं गाव, नवी खुंटी. त्यांची बायको कमलबाई एकदा चिडून म्हणाली, "तुम्हाला माणसांचं वावडं हाय का काय?"

"माणसांचं नाही गं, ओळखीचं," साहेब म्हणाले.

पहिल्यांदा जन्मठेप सुनावली, तेव्हा त्यांचा आवाज जराही हलला नाही. पण माझं अस्तर पाठीला चिकटलं होतं. घरी आल्यावर मला खुंटीला अडकवलं आणि ते न जेवता तसेच बसून राहिले. पुढे जेवू लागले. माणसाला सवय होते. कोटालाही होते.

निवृत्तीला दोनेक वर्षं उरली असताना आम्ही धाराशिवला होतो. तिथे ते प्रकरण समोर आलं.

येडशीच्या पुढे एका वस्तीवर दीपाली नावाची तरुण बाई विहिरीत बुडून मेली. तिला ढकलताना पाहणारं एकच माणूस होतं, तिची सात वर्षांची मुलगी हर्षाली. तिने पोलिसांना सांगितलं, "काकानं ढकललं." घरात दोन भाऊ. धाकटा योगीराज हा हर्षालीचा बाप आणि थोरला बब्रुवान चुलता. पोलिसांनी चुलत्याला उचललं. बब्रुवानची बायको पूर्वीच गेलेली, एकुलती मुलगी वर्षाराणी लग्न होऊन सासरी. तो ना हो म्हणाला, ना नाही. 

साक्षीच्या दिवशी हर्षालीला स्टुलावर उभं केलं. बब्रुवान आरोपीच्या पिंजऱ्यात होता. योगीराजची साक्ष आदल्या दिवशीच झाली होती. तो मागच्या बाकावर पोरीचं दप्तर मांडीवर घेऊन बसला होता.

"कितवीत आहेस बाळ?" साहेबांनी विचारलं.

"दुसरीत."

"खरं बोलायचं म्हणजे काय?"

"जे झालं ते सांगायचं. न्हायतर शाळेतल्या बाई कान पिरगाळत्यात."

सगळे हसले. साहेबही हसले, मला आतून कळलं. सरकारी वकिलाने हळू आवाजात विचारलं, "तुझ्या आईला कुणी ढकललं?"

"काकानं."

"मग काय झालं?"

"मग दादा पळत आलं. दोर टाकला. आई वर आली न्हाय. दादा लई रडलं."

वकील समाधानाने खाली बसला. आरोपीचे वकील व्यंकटराव उठले आणि तसेच अवघडून उभे राहिले. "काय विचारू साहेब? माझा पक्षकार मलाच तोंड उघडून काही सांगंना."

साहेब टंकलेखकाला साक्ष सांगू लागले, "माझ्या आईला माझ्या चुलत्याने..." आणि थांबले. माझ्याखाली छातीचा एक ठोका चुकला.

या पोरीला भाऊ नव्हता. मग दादा कोण?

साहेब स्वतः आपल्या आईला अखेरपर्यंत वहिनी म्हणत. चुलते म्हणायचे म्हणून तेही म्हणायचे. एकत्र घरातलं लेकरू मोठ्यांच्या तोंडच्या हाका उचलतं. वर्षाराणी आपल्या बापाला, बब्रुवानला, दादा म्हणत असणार. आणि चुलत्याला, योगीराजला, काका. हर्षाली तिच्याच अंगाखांद्यावर वाढलेली, तिच्याच हाका उचललेली. साऱ्या कोर्टाने काका म्हणजे चुलता धरला होता. एवढ्याशा शब्दावर सगळं उभं होतं.

साहेबांनी पाण्याचा घोट घेतला. आता विचारलं नाही, तर निर्दोष माणूस जन्मभर आत जाईल. विचारलं, तर ही पोर स्वतःच्या तोंडाने बापाला आत घालेल. मागच्या बाकावर योगीराज दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत होता.

"बाळ, दादा कोण?"

हर्षालीने आरोपीच्या पिंजऱ्याकडे बोट केलं.

"अन् काका?"

बोट वळायच्या आत बब्रुवानने पिंजऱ्यावर हात आपटला. "सायेब! ल्हान लेकराला काय इचारता? म्याच ढकललं! लिवा, लिवून टाका!"

"बब्रुवान, शांत राहा."

"तिला माय न्हाय सायेब! बाप तरी ऱ्हाऊ द्या तिला!"

पोर त्या ओरडण्याने घाबरली. तिने मागच्या बाकाकडे दोन्ही हात पसरले आणि रडत म्हणाली, "काका, चला ना घरला."

योगीराज उठला नाही. मान खाली घालून बसून राहिला. साहेबांनी ती हाक शब्दाला शब्द लिहून घेतली. तेव्हा माझ्या कॉलरवरून घामाचा ओघळ उतरला.

योगीराजला आरोपी केलं. साक्षी पुन्हा झाल्या, हर्षालीला सगळं पुन्हा सांगावं लागलं. या वेळी आपण काय सांगतोय ते तिला कळत होतं. तो शेवटी कबूल झाला. दीपाली माहेरी जाते म्हणून हट्टाला पेटली होती, एवढंच कारण. त्याला जन्मठेप झाली, बब्रुवान सुटला.

निकालाच्या दिवशी बब्रुवान पोरीला घेऊन पुढे आला. त्याने हात जोडले नाहीत.

"मला सोडलं व्हय सायेब? पर हिच्याच तोंडून हिचा बाप नेला."

 साहेबांनी खाली वाकून पोरीला विचारलं, "बाळ, आता दादांपाशी राहतेस ना?"

पोरीने मान हलवली.

"यांना दादाच म्हणतेस ना?"

"काहीच न्हाय म्हणत."

बब्रुवानने तोंड फिरवलं. "कुणालाच हाक मारीना सायेब. ताट वाढलं तर येती. न्हाय वाढलं तर उपाशी बसती, पर हाक मारीत न्हाय."

त्यानंतर निवृत्तीपर्यंत साहेबांनी मला घातलं.

आता मी उदगीरला खुंटीवर असतो. साहेबांची मुलगी अक्षदा वकील झाली आहे. मला उसवून आपल्या मापाचा करून घ्यायचं तिच्या मनात आहे. "नवा घे," साहेब म्हणतात. ती ऐकत नाही.

घाल, पोरी. माझं कापड अजून टिकाऊ आहे. एवढंच मागतो. कधी एखादं लेकरू तुझ्यापुढे साक्षीला उभं राहील. त्याला विचारायचं ते विचार, अर्धवट सोडू नकोस. पण विचारण्याआधी मागच्या बाकांवर एकदा नजर टाक आणि साक्ष संपल्यावर त्याला घरी कोण नेणार आहे, ते बघून ठेव.