जित्या लेकीचा दहावा

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणत्यात. मी घेते. दत्तोबा. कुरवंड्यात ह्या माणसाच्या मिशीला सगळं गाव बिचकतं, आन् हा बिचकला कशाला, तर पिक्चरला.

खालच्या बंगल्यात पुण्याची पाव्हणी आलती. हिरवळीवर पडदा लावून त्यांनी कुठला तरी जुना इंग्रजी पिक्चर लावला. दत्तोबा तितं राखणीला. त्याला खुर्ची दिली, हा बसला. पिक्चरमधल्या गोऱ्या सायबाला एकच भ्याव, आपण बेशुद्ध पडलो तर लोक मेला समजून जिता पुरतील. आन् तसंच झालं म्हणं. दत्तोबाला भाषेचं एक अक्षर कळलं न्हाई, पण भ्याव तेवढं घरी घेऊन आला.

दुसऱ्या दिवसापासनं सोंगं सुरू. दुपारी आडवा झाला की म्हणायचा, "नंदे, मला मधनंमधनं हाक मारत ऱ्हा." पांघरुणातनं पायाचा अंगठा बाहेर काढून हलतोय का बघत बसायचा. मी म्हणलं, "आवो, आपल्यात पुरत न्हाईत, जाळत्यात." तर तोंडावरचं रगतच उतरलं. हे बेण्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. मला हसू आलं, आन् मी हसले. का हसू नये?

मग एक दिवस चुलीपुढं येऊन बसला. "नंदे, मला लगेच उचलू नका. एक-दोन दिस ठेवा. नाडी बघा, नाकाशी सूत धरा."

"भावकी ऐकंल व्हय?" मी म्हणलं. "मढं घरात हाय तवर कुणाची चूल पेटत न्हाई. लोक थांबत्यात ते फकस्त लेकीसाठी. लांबची लेक येऊन तोंड बघंस्तवर कुणी हात लावत न्हाई. तुमाला कुटं हाय लेक?"

उठून अंगणात गेला.

लेक हाय. माधवी, एकुलती एक. तिनं ठाकरवाडीतल्या हृतिकशी लग्न केलं. कार्ल्याला दोघं नाश्त्याची गाडी चालवत्यात. पोरगा लय गुणाचा. पण दत्तोबाची जात आडवी आली. त्यानं जित्या लेकीच्या नावानं आंघोळ केली, आन् तेवढ्यावर भागलं न्हाई म्हणून नदीवर जाऊन तिचा दहावा घातला. पिंडाला कावळा शिवंना. शिवंल कसा? कावळ्याला अक्कल असती. मग दर्भाचा कावळा करून शिववून घेतला, आन् भावकी जेवून ढेकर देत घरी गेली.

आता माधवीला आठवा म्हैना. पयलं बाळंतपण माहेरात असतंय. माझी लेक माझ्या घरात बाळंत व्हावी, एवढंच मला पायजे होतं, दुसरं काय बी नको. आन् उंबऱ्यावर हा बसलेला.

दोन दिवस घुटमळला, मग म्हणाला, "लाव फोन. बोलव तिला." माया आली म्हणून न्हाई, भ्याला म्हणून. अडला हरी गाढवाचे पाय धरी. असल्या बापाच्या तोंडावर थुकावं वाटलं, पण म्हणलं, कशानं का होईना, लेक तर येतीया.

माधवी आली. हृतिक फाटकाबाहेर रिक्षापाशीच थांबला. मी भाकरतुकडा ओवाळायला बाहेर आले, तवर दत्तोबाचं सुरू झालं. कशी हाईस न्हाई, पाणी घे न्हाई. "पोरी, मी गेलो की तू येस्तवर मला उचलणार न्हाईत. सावकाश ये. आल्यावर पयली माझी नाडी बघ."

माधवी अंगणातच उभी ऱ्हायली. "आबा, माझा दहावा घातला तवा माझी नाडी कुणी बघितली?"

"ते लोकांसाठी करावं लागतंय," दत्तोबा म्हणाला. "झालं गेलं. चल आत."

"मेलेली बाई बाळंत कुटं होती, आबा?" ती शांतपणी म्हणाली. रडली न्हाई, वरडली न्हाई. मग माझ्याकडं वळली. "आई, तू येतीस का?"

मी ताट खाली ठेवलं. आत जाऊन पिशवीत दोन लुगडी कोंबली आन् निघाले. दत्तोबा फाटकापत्तूर मागं आला.

"आन् मला हितं काय झालं तर? कळंल कुणाला?"

"शेजारी हायत की," मी म्हणलं.

नात झाली. नाकीडोळी नीटस, आवाज खणखणीत. मी कार्ल्यातच हाय अजून. रोज सकाळी दत्तोबाचा फोन येतो. "नंदे, उठलोय गं." मी म्हणते, "बरं." मग तो जरा वेळ तसाच धरून ठेवतो. पोरगी माझ्या मांडीवर रडत असती, ते त्याला ऐकू जातं. मला वाटतं, आज तरी तिचं नाव विचारंल.

"मी जिता हाय, ध्यानात ठेव," म्हणतो आन् ठेवून देतो.